बोट एकच दिवस थांबणार, मॉरिशस किती बघायचं?

या महिन्यात क्रूजवाल्यांची पत्रं बरीच आली आणि गंमत म्हणजे त्यातली निम्मी एकाच वाटेवरची. ऑस्ट्रेलियात पर्थजवळच्या फ्रीमँटल बंदरातून निघायचं, हिंदी महासागर आडवा कापायचा, मॉरिशसला पोर्ट लुईत एक दिवस उतरायचं, मग शेजारचं रेयुनियन बेट, मग दक्षिण आफ्रिका. मुलं तिकडे असतात, आईबाबा सहा महिने राहून येतात आणि परतीला विमानाऐवजी बोट पकडतात, असं दिसतंय. मग या वेळचं सदर सगळं त्या एका दिवसालाच देऊन टाकते.

प्रश्न : आम्ही दोघं साठीच्या पुढचे. फ्रीमँटल सोडलं की आठवडाभर नुसतं पाणी, मग पोर्ट लुईला सकाळी आठ ते संध्याकाळी सहा बोट उभी राहणार. मिस्टरांनी यादी केलीय: गंगा तलाव, शामारेलची सात रंगांची माती, ले मॉर्नचा डोंगर, इल ओ सेर्फचा बीच, पांप्लमूसची बाग आणि वेळ उरला तर शहर. होईल का सगळं? (सौ. म. दे., डोंबिवली)

उत्तर : अहो ताई, ती यादी आधी मिस्टरांच्या हातातून काढून घ्या.

आठ ते सहा म्हणजे दहा तास असं वाटतं ना, पण बोट आठला धक्क्याला लागली तरी इमिग्रेशनची परवानगी येऊन, टूरवाल्या ग्रुपांची गर्दी सुटून तुम्ही गँगवेवरून खाली उतरेपर्यंत नऊ वाजतात. सहाला सुटणाऱ्या बोटीची ऑल अबोर्डची, म्हणजे सगळ्यांनी बोटीवर परत चढायची वेळ साडेपाच, कधीकधी पाचचीच असते (रोजच्या पत्रकात असते आणि गँगवेपाशी बोर्डावरही लिहितात), तिच्याआधी तासभर आपण बंदरात पाहिजे, म्हणजे हातात उरले सात तास, त्यात जेवण, बाथरूम आणि फ्रिजवर लावायच्या मॅग्नेटची खरेदी.

आता बेट बघा. लांबी साधारण ६५ किलोमीटर, रुंदी ४५. मुंबईकराला वाटतं हे तर काय, बोरिवली-चर्चगेट दोनदा केलं की झालं. पण पोर्ट लुई वायव्य कोपऱ्यात, इल ओ सेर्फ पार पूर्व किनाऱ्याला आणि तिथे पोचल्यावर पुन्हा होडी, शामारेल आणि ले मॉर्न नैर्ऋत्येला, गंगा तलाव दक्षिणेकडे वर डोंगरात. प्रत्येकाला एका बाजूने तास, सव्वा तास धरा. म्हणजे यादीतलं सगळं बघायचं तर गाडीच्या काचेतून ऊसच ऊस दिसेल, बाकी काही नाही. आणि दुपारी चारनंतर पोर्ट लुईच्या आसपास गाड्या अशा तुंबतात की आपलं घोडबंदर बरं.

माझं मत विचाराल तर सकाळ शहरात पायी आणि दुपार पांप्लमूसला, बस. शहराला तुम्ही यादीत शेवटी टाकलंय पण एका दिवसाच्या पाहुण्यासाठी तेच सगळ्यात जास्त देतं, कारण बंदरालगतच आहे आणि सगळं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहे. क्रूजचा धक्का ले सालिनकडे लागतो, तिथून शटल मिळाली तर घ्या आणि कोदाँ वॉटरफ्रंटला उतरा.

सुरुवात आप्रवासी घाटाने करा, उन्हं चढायच्या आत. फार मोठं काही नाही, दगडी बांधकामाचे अवशेष, उतरणाऱ्या मजुरांना ठेवायच्या खोल्या, दवाखान्याचा भाग आणि समुद्राकडून वर येणाऱ्या पायऱ्या. पण १८३४ ते १९२० या काळात हिंदुस्थानातून जवळजवळ साडेचार लाख माणसं करारावर या बेटावर उतरली, आणि १८४९ मध्ये हा डेपो उभा राहिल्यावर त्यातली बहुतेक याच पायऱ्या चढून वर आली. इंग्रजांनी १८३५ मध्ये तिथली गुलामगिरी बंद केली आणि उसाच्या मळ्यांना माणसं हवीच होती, म्हणून हा करार. २००६ पासून ही जागा युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. शेजारी माहिती केंद्र आहे ते वगळू नका, नुसत्या पायऱ्या बघून निघालात तर "एवढंच?" असं म्हणाल.

तिथून सेंट्रल मार्केट चालत. खाली भाजी-फळं, वर टोपल्या आणि मसाले, विकणारे गिऱ्हाईक ओळखून भाव सांगतात, तेव्हा घासाघीस आपली आपल्याला येतेच. मग प्लास दार्म, म्हणजे दोन्हीकडे उंच पामची झाडं असलेला चौक, टोकाला जुनं गव्हर्नमेंट हाउस आणि त्याच्यासमोर व्हिक्टोरिया राणी अजून उभी. पुढे कंपनी गार्डनमध्ये वडाच्या सावलीत दहा मिनिटं बसा. लागूनच नॅचरल हिस्टरी म्युझियम, उघडं असेल तर जा, एकाच डोडोच्या हाडांचा पूर्ण सांगाडा जगात इथेच आहे, १९०४ च्या सुमाराला तिथल्या एका हौशी न्हाव्याने शोधलेला. शेवटी कोदाँला परत या, तिथे ब्लू पेनी म्युझियममध्ये १८४७ ची दोन तिकिटं आहेत, पोस्टाची हो. मूळ तिकिटांवर तासातून ठरावीक मिनिटंच दिवा लावतात, रंग उडू नये म्हणून, तेव्हा आत शिरतानाच वेळ विचारून घ्या नैतर नक्कल बघून याल. स्वच्छ बाथरूम आणि एसी दोन्ही कोदाँमध्येच, हे मिस्टरांना आवर्जून सांगा.

पांप्लमूस तिथून ११ किलोमीटर, टॅक्सीने अर्धा तास. तळ्यातल्या राक्षसी कमळांची कडा वर वळलेली पानं सगळेच बघतात, पण तालिपोट पाम कुठाय ते विचारा, ते झाड कित्येक दशकं वाढतं, आयुष्यात एकदाच फुलतं आणि मरतं. तीनला निघायचं म्हणजे निघायचं.

फक्त तुमचा दिवस रविवारचा नाही ना ते बघा, रविवारी दुपारपासून शहर चिडीचूप होतं आणि घाटही बंद असू शकतो. तसं असेल तर सरळ गंगा तलावला जा, तिथला १०८ फुटी शंकर रविवारीही उभाच असतो.

प्रश्न : बोटीवरची टूर माणशी केवढ्याला पडते ते बघून डोळे पांढरे झाले. बाहेर टॅक्सी घेतली आणि उशीर झाला तर खरंच बोट सोडून जातात का? (एक वाचक, पर्थ)

उत्तर : जातात. अगदी खरंच जातात, धक्क्यावरून धावणाऱ्या माणसांचा डेकवरून व्हिडिओ काढणारेही असतात.

फरक एवढाच की बोटीच्या टूरची बस अडकली तर बोट शक्यतो थांबते किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची जबाबदारी त्यांची असते. तुमच्या टॅक्सीचा टायर फुटला तर ती तुमची भानगड. बंदरात उभं राहायचे पैसे असतात, बोट बंदराबाहेर काढून देणारा पायलट ठरलेल्या वेळी चढतो, कॅप्टन दोन माणसांसाठी ते सगळं हलवत नाही. मग राहिलेल्या माणसाने बोटीच्या तिथल्या एजंटला गाठायचं (त्याचा नंबर रोजच्या पत्रकात छापलेला असतो, उतरताना त्याचा फोटो काढून ठेवा) आणि स्वखर्चाने विमानाने पुढचं बंदर. यात मोठी गोम अशी की लांबच्या क्रूजवर पासपोर्ट बऱ्याचदा बोटीच्या ताब्यात असतात, तुमच्या खिशात फक्त केबिनचं कार्ड. म्हणून पासपोर्टची झेरॉक्स आणि दोन दिवसांची औषधं पर्समध्ये असू द्या, सासरी जाताना सुद्धा मी ठेवते.

एवढं असूनही शहर आणि पांप्लमूस एवढाच बेत असेल तर मी टॅक्सीच घेईन. अंतर कमी, रस्ता सरळ, गाड्या आपल्यासारख्या डावीकडून चालतात. मीटरच्या भानगडीत पडू नका, भाव आधी ठरवा, एकूण किती तास आणि कुठे कुठे ते कागदावर लिहून दाखवा आणि पैसे शेवटी द्या. तिथला रुपया आपल्या जवळजवळ दोन रुपयांचा आहे, हे ठरवताना लक्षात असू द्या, "रुपया" ऐकून स्वस्त वाटतं. ले मॉर्न, शामारेलसारखं लांबचं काही करायचंच असेल तर मात्र बोटीची टूर घ्या आणि पैशाबद्दल नंतर कुरकुर करू नका.

आणि घड्याळ! पश्चिमेकडे जाताना बोट दर एक-दोन रात्रींनी घड्याळ तासभर मागे घेत जाते, पर्थ ते मॉरिशस मिळून चार तास. मोबाइल जमिनीवर उतरल्यावर स्वतःच वेळ बदलतो, बोटीची वेळ कधी तीच असते कधी नसते. मनगटावर साधं घड्याळ बांधा, ते बोटीच्या वेळेवर लावा आणि दिवसभर त्याचंच ऐका.

प्रश्न : पोर्ट लुईच्या दिवशी नेमकी संकष्टी येतेय. उपास मोडायचा नाही. एरवीही आम्ही पक्के शाकाहारी, अंडंही नाही. (सौ. व. जो., नाशिक)

उत्तर : उपासाला अननस! तिथला व्हिक्टोरिया जातीचा छोटा अननस, देठाला धरून खाता येईल असा सोलून देतात, वर तिखट-मीठ लावतात ते नको म्हणा. लिची साधारण नोव्हेंबर-डिसेंबरला. शहाळी आहेत. मार्केटमध्ये आलूदा मिळतो, गार दूध, सब्जा आणि अगर-अगरची जेली, उपासाला चालतो की नाही ते तुमच्या घरच्या नियमांवर सोडते, आमच्याकडे चालला असता.

उपास नसलेल्यांनी मात्र धोलपुरी खाल्ल्याशिवाय बोटीवर चढू नये. आपली गूळ न घातलेली पुरणपोळी समजा, पातळ, मऊ, आत वाटलेली डाळ, भोजपुरी बायकांच्या हातची बिहारहून गेलेली. एक मागायची नसते, जोडीच देतात, मध्ये घेवड्यासारख्या मोठ्या बियांची उसळ, टोमॅटोचं रुगाय आणि तिखट. तिखट कमी सांगा, तिथल्या मिरचीला नागपूरही घाबरेल. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे छोटे वडे, तेही शाकाहारी, फक्त त्याच कढईत मटणाचे समोसे तळत नाहीत ना एवढं बघून घ्या. भाषेची काळजी नको, गाड्यावरचा माणूस क्रिओल, म्हणजे फ्रेंचवरून झालेली तिथली बोली, बोलतो पण "नो मीट, नो फिश, नो एग" सगळ्यांना कळतं आणि कित्येकांना हिंदीही.

आता चंद्रोदय. कालनिर्णयातली वेळ मुंबईची, ती तिथे लावू नका. बोट सुटल्यावर चंद्र समुद्रातच उगवणार, रिसेप्शनला सांगितलंत तर ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात त्या खोलीतून, नेमकी वेळ काढून देतात, ते तर रोज चंद्र-सूर्य मोजणारे लोक. ढग असले तर तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : आमच्या पणजोबांचे थोरले भाऊ "मोरसला गेले ते गेलेच" असं घरात सांगतात. गाव रत्नागिरीकडचं. मुलाने क्रूजचं तिकीट काढून दिलंय. त्या एका दिवसात त्यांचा काही माग लागेल का? आणि तिथे मराठी माणसं भेटतील का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : काका, तुमचं पत्र वाचून मी बाकीची बाजूला ठेवली.

माग लागू शकतो, पण त्या दिवशी नाही, आधी. मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्या करारी मजुरांचं दफ्तर जपलेलं आहे. प्रत्येक माणसाला उतरल्यावर नंबर मिळायचा, आणि त्याच्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, कुठल्या जहाजाने आला हे लिहिलं जायचं, १८६० च्या दशकापासून तर फोटोही काढायला लागले. तेव्हा निघायच्या दोनेक महिने आधी त्यांना पत्र टाका. पणजोबांच्या त्या भावाचं नाव, बापाचं नाव, गाव, तालुका आणि अंदाजे साल. स्पेलिंगचा आग्रह धरू नका, लिहून घेणारा कारकून परका आणि सांगणारा कोकणातला, "धोंडू"चं काय झालं असेल सांगता येत नाही, चार-पाच प्रकारे लिहून द्या. आडनाव बहुतेक मिळणार नाही, तिथे बापाचं नाव हेच आडनाव होऊन बसलं, म्हणून आज "जी" आणि "राव" शेवटी असलेली आडनावं दिसली की कान टवकारा. साल सांगता आलं तर फार बरं, मुंबई बंदरातून गेलेली माणसं कलकत्ता आणि मद्रासच्या मानाने थोडी आणि बरीचशी एकोणिसाव्या शतकाच्या मधल्या दशकांतली, त्यामुळे शोध आटोक्यात येतो. आणि एक लक्षात घ्या, गेलेल्यांपैकी साधारण एक तृतीयांश माणसं परत हिंदुस्थानात आली. तुमच्या पणजोबांचे भाऊ मुंबईला उतरून गावाला आलेच नाहीत असंही असू शकतं. गिरणगावात कितीतरी जण असेच हरवलेत.

उत्तर आलं आणि तुमचा दिवस सोमवार ते शुक्रवारमधला असला तर मोका पोर्ट लुईपासून जवळ आहे, वेळ ठरवूनच जा, ते कार्यालय आहे, प्रेक्षणीय स्थळ नाही. बाकीचं बेट बघू नका. घाटावरच्या पायऱ्यांना हात लावा, मोक्याला जा, परत या.

मराठी माणसं भेटतील का? हो, पण मराठी बोलणारी कमी भेटतील, आधीच सांगते म्हणजे विरस नको. घरात क्रिओल चालते, शाळेत मात्र मुलं ऐच्छिक भाषा म्हणून मराठी शिकतात, रेडिओ-टीव्हीवर मराठी कार्यक्रम असतात. कास्काव्हेल, ब्लॅक रिव्हर, वाक्वा या बाजूला वस्ती जुनी. गणेश चतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते, देशभर! उत्सव १८९६ पासून चालत आलाय असं तिथले लोक सांगतात, विसर्जनाला फ्लिक आँ फ्लाकच्या किनाऱ्यावर गर्दी होते, आणि तुम्हा चिपळूणकरांना ऐकून बरं वाटेल, गणपतीत ते जाखडी नाचतात. तीच आपली, घुंगरू बांधून गोल धरून. पिढ्या गेल्या, बोलणं बदललं, जेवणात फ्रेंच पाव आला, पण जाखडी राहिली. मला हे मोडी दफ्तरापेक्षा जास्त पुराव्याचं वाटतं, इतिहासवाले रागावतील.

कास्काव्हेलला जायला पाऊण तास. जायचं तर सकाळी जा, देवळात जा, नमस्कार करा, कुणी विचारलं तर सांगा कुठून आलात. मोबाइल काढून लोकांच्या घरांचे फोटो काढत फिरू नका आणि "तुम्हाला मराठी येत नाही?" हे तर अजिबात म्हणू नका. पुण्यातल्या आपल्या नातवंडांना विचारून बघा आधी.

प्रश्न : सासूबाई व्हीलचेअरवर. त्यांना उतरवावं की केबिनमध्ये ठेवावं? (सौ. अ. पा., मेलबर्न)

उत्तर : उतरवा. गँगवेच्या चढ-उतारावर बोटीची माणसं मदत करतात, फक्त आदल्या दिवशी रिसेप्शनला सांगून ठेवा आणि पोर्ट लुईला बोट धक्क्यालाच लागणार आहे ना, की छोट्या लाँचने नेणार, ते विचारा. लाँच असेल तर व्हीलचेअर बऱ्याचदा नेत नाहीत. मार्केट टाळा, गर्दी आणि खड्डे. कोदाँ सपाट आहे, पांप्लमूसचे रस्तेही सपाट आणि सावलीचे. जानेवारी-फेब्रुवारी असेल तर दमट उकाडा भयंकर, तिथला उन्हाळा तेव्हा असतो.

प्रश्न : माझे मिस्टर म्हणतात एका दिवसात कुठलं बेट कळतं, मी बोटीवरच झोपतो. काय सांगू? (नाव नको)

उत्तर : झोपू द्या की! पोर्टच्या दिवशी बोट अर्धी रिकामी असते, पूलवर खुर्च्या मोकळ्या, जेवणाला रांग नाही, स्पामध्ये सूट देतात. तुम्ही एकट्या किंवा मैत्रिणीबरोबर उतरा, नुसतं शहर केलंत तरी दिवस भरतो, आणि टॅक्सी नको असेल तर मेट्रो आहे, रोझ हिल, कात्र बोर्नवरून क्युरपिपपर्यंत जाते, गर्दीची वेळ सोडून मस्त बसून या.

त्यांचा मुद्दाच खोडायचा असेल तर सांगा की १९०१ मध्ये गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून मुंबईला येत होते, त्यांची नौशेरा बोट पोर्ट लुईला थांबली तर ते केबिनमध्ये बसले नाहीत, उतरले, तिथल्या हिंदी लोकांना भेटले, गव्हर्नरकडे एक रात्र पाहुणेही राहिले. तो देश पुढे १९६८ मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा दांडीयात्रेची तारीख, १२ मार्च, निवडली. अर्थात गांधीजींची बोट पंधरवड्याहून जास्त थांबली होती, हे मिस्टरांना सांगू नका.

प्रश्न : आमची क्रूज फेब्रुवारीत. वादळामुळे मॉरिशस रद्द होऊ शकतं म्हणे? मग पैसे? आणि व्हिसा लागतो का? (श्री. र. सा., ठाणे)

उत्तर : होऊ शकतं. तिकडे नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळांचा मोसम, त्यात जानेवारी-फेब्रुवारी ऐन भरातले. धोक्याच्या इशाऱ्याचे चार टप्पे असतात, इशारा वाढला की बंदर मोकळं करतात, उभ्या बोटींनाही खोल समुद्रात पाठवतात, धक्क्याला आपटत राहण्यापेक्षा तिथे त्या सुरक्षित. कॅप्टनला बंदर वगळायचा अधिकार तिकिटाच्या करारात लिहिलेला असतो, आपण वाचत नाही इतकंच. अशा वेळी बोटीवर घेतलेल्या टूरचे पैसे परत मिळतात, बंदराची फी बऱ्याच कंपन्या तुमच्या बोटीवरच्या खात्यात जमा करतात, पण क्रूजच्या मूळ भाड्यातलं काही मिळेल ही आशा नको. बाहेरची गाडी ठरवलीत तर "बोट आली नाही तर पैसे परत" एवढी एक ओळ मेसेजमध्ये लिहून घ्या.

व्हिसाचं म्हणाल तर भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी मॉरिशसला आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण पुढचं रेयुनियन हा फ्रान्सचा भाग आहे आणि तरी शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात, नाही, त्यामुळे तुमचा शेंगेन व्हिसा तिथे चालेलच असं धरू नका, दक्षिण आफ्रिकेचा तर लागतोच. हे सगळं क्रूज कंपनीकडून लेखी घ्या, ट्रॅव्हलवाल्याच्या "काही प्रॉब्लेम नाही सर"वर जाऊ नका, कारण कागद अपुरे असले तर ते तुम्हाला रेयुनियनला नाही, फ्रीमँटललाच चढू देणार नाहीत.